सांगोला विधानसभा मतदारसंघ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईत सांगोल्याची दोन माणसं भेटली की चहा यायच्या आत विषय आबांवर, म्हणजे आमदार गणपतराव देशमुखांवर, येतो, आणि चहा संपायच्या आत आकड्यांवरून वाद लागतो. कुणी म्हणतं बारा वेळा निवडून आले, कुणी म्हणतं कधी हरलेच नाहीत. मी चुनाभट्टीला राहतो. वडील परळच्या गिरणीत होते आणि निवडणुकीच्या कात्रणांची एक वही ठेवायचे. ती वही आता माझ्याकडे आहे, त्यामुळे वाद मिटवायला लोक मलाच फोन करतात. जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले, ते इथे उत्तरांसह एकत्र केले आहेत.

१. मतदारसंघाचं नाव 'सांगोला' की 'सांगोले'?

बोलताना सांगोला. निवडणूक आयोगाच्या यादीत 'सांगोले', क्रमांक २५३. संकेतस्थळावर शोधताना 'सांगोला' टाकून काही सापडलं नाही तर 'सांगोले' टाकून पाहा. मतदारसंघ एकच आहे.

२. त्यात नेमका कुठला भाग येतो? जागा राखीव आहे का?

संपूर्ण सांगोला तालुका, शिवाय पंढरपूर तालुक्यातला भाळवणीकडचा भाग. ही रचना २००८ च्या पुनर्रचनेपासूनची आहे आणि २००९ ची निवडणूक तिच्यावर झालेली पहिली. जागा खुली आहे. शेजारची माळशिरस अनुसूचित जातींसाठी राखीव आहे, त्यामुळे अनेकांची गल्लत होते. नवी पुनर्रचना २०२६ नंतरच्या जनगणनेशी जोडलेली आहे, म्हणजे तोवर नकाशा हाच.

३. आजवरच्या आमदारांची नावं सरळ सांगा ना.

१९६२ आणि १९६७ ला गणपतराव देशमुख, शेतकरी कामगार पक्ष (शेकाप). १९७२ ला काकासाहेब साळुंखे-पाटील, काँग्रेस. १९७४ च्या पोटनिवडणुकीत पुन्हा देशमुख, आणि पुढे १९७८, १९८०, १९८५, १९९० सलग तेच. १९९५ ला शहाजीबापू पाटील, काँग्रेस. १९९९, २००४, २००९, २०१४ परत देशमुख. २०१९ ला शहाजीबापू, या वेळी शिवसेनेकडून. २०२४ ला डॉ. बाबासाहेब देशमुख, शेकाप, म्हणजे गणपतरावांचे नातू.

साठ वर्षांहून जास्त काळ आणि नावं फक्त चार. 

४. यादी १९६२ पासूनच का? त्याआधी निवडणूक होत नव्हती का?

होत होती. पण १९५२ आणि १९५७ च्या निवडणुका मुंबई राज्याच्या विधानसभेसाठी होत्या. महाराष्ट्र राज्य १ मे १९६० ला झालं आणि त्याच्या विधानसभेची पहिली निवडणूक १९६२ ला. तेव्हा राज्यात २६४ जागा होत्या, १९६७ ला २७० झाल्या आणि १९७८ पासून २८८ आहेत. दर वेळी सीमा इकडच्या तिकडे होतात. म्हणून १९६७ चा सांगोला आणि २०१४ चा सांगोला यांची मतं शेजारी मांडून 'आबांची मतं एवढी वाढली' असं म्हणणं बरोबर नाही. नाव तेच राहिलं, गावं बदलली आणि मतदार तर कितीतरी पटींनी वाढले.

५. गणपतराव नेमके किती वेळा निवडून आले? दहा, अकरा की बारा?

अकरा. बोटांवर मोजा: १९६२, १९६७, १९७४, १९७८, १९८०, १९८५, १९९०, १९९९, २००४, २००९, २०१४. दहा सार्वत्रिक निवडणुका आणि एक पोटनिवडणूक. जे 'दहा' म्हणतात ते १९७४ विसरतात. 'बारा' कुठून येतं ते मला आजवर कळलेलं नाही, बहुधा २०१९ ला ते उभे होते असं लोक धरून चालतात. ते उभे नव्हते (प्र. ११ पाहा).

पक्षही एकच, मतदारसंघही एकच. मला अकरा या आकड्यापेक्षा हे जास्त मोठं वाटतं. १९७८ ला शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) आघाडीच्या मंत्रिमंडळात आणि १९९९ ला विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात ते मंत्री होते, दोन्ही वेळा शेकापचे म्हणूनच.

६. मग '५५ वर्षं आमदार' हे बरोबर आहे का?

नाही. मार्च १९६२ ते ऑक्टोबर २०१९ हा काळ साडेसत्तावन्न वर्षांचा. त्यातून १९७२ ते ७४ ची दोनेक वर्षं आणि १९९५ ते ९९ ची साडेचार वर्षं वजा करा. पन्नासच्या थोडं वर उरतं. तेवढंही कुणाला मिळत नाही, मग फुगवून सांगायचं कशाला?

७. हा देशातला विक्रम आहे ना? गिनीजमध्ये वगैरे?

महाराष्ट्रातला विक्रम नक्की. देशातला नाही. केरळात के. एम. मणी पाला या एकाच मतदारसंघातून १९६५ ते २०१६ दरम्यान तेरा वेळा निवडून आले, आणि ओमन चंडी पुदुपल्लीतून १९७० ते २०२१ दरम्यान बारा वेळा. मणींच्या तेरातली १९६५ ची निवडणूक वगळा असं कुणी म्हणेल, कारण ती विधानसभा भरलीच नाही. वगळली तरी बारा राहतात. तमिळनाडूत करुणानिधी तेरा वेळा निवडून आले, पण वेगवेगळ्या मतदारसंघांतून.

'देशात पहिला' असा फलक मुंबईतल्या एका कार्यक्रमात मी स्वतः पाहिला आहे. कार्यकर्त्याला दुरुस्ती सुचवली, तर तो म्हणाला, "केरळ कोण बघतंय?"

८. आमचे आजोबा सांगतात आबा कधीच हरले नाहीत. खरं काय?

दोनदा हरले: १९७२ आणि १९९५.

१९७२ सोपं आहे. राज्यात काँग्रेसची लाट होती, २७० पैकी २२२ जागा त्यांनी घेतल्या, त्यात सांगोलाही गेला. दोन वर्षांत पोटनिवडणूक लागली आणि आबांनी जागा परत घेतली.

१९९५ मात्र चक्रावून टाकणारं आहे. त्या वर्षी राज्यात काँग्रेसचा पराभव झाला, मनोहर जोशी मुख्यमंत्री झाले, आणि सांगोल्यात त्याच पडत्या काँग्रेसच्या शहाजीबापूंनी आबांना पाडलं. फरक १९२ मतांचा. वडिलांच्या वहीत त्या पानावर कात्रण नाही. फक्त पेन्सिलीनं '१९२' लिहिलंय आणि त्याखाली दोन रेघा मारल्यात, दुसरी इतकी दाबून की पान फाटलंय.

सांगोला म्हणजे 'बालेकिल्ला' असं म्हणणाऱ्यांनी हे पान पाहायला हवं. एका चाळीत मावतील एवढ्या माणसांनी मत बदललं की हा किल्ला पडतो. समोरची बाजू इथे कायम जिवंत होती. आबांचे विजय मोठे वाटतात ते त्यामुळेच. निवांत बसून मिळालेले नाहीत ते.

९. शेकाप बाकी महाराष्ट्रात संपला, सांगोल्यातच कसा टिकला?

हा प्रश्न सर्वात जास्त येतो आणि याचं एका ओळीचं उत्तर नाही.

पक्ष १९४७-४८ चा. शंकरराव मोरे, केशवराव जेधे यांच्यासारखे काँग्रेसमधून बाहेर पडलेले लोक. १९५० चा दाभाडी प्रबंध ही त्याची वैचारिक बैठक. १९६२ ला विधानसभेत शेकापच्या १५ जागा होत्या. २०१४ ला तीन उरल्या, २०१९ ला एक, २०२४ ला पुन्हा एकच, आणि ती सांगोल्याची. रायगड हा दुसरा गड, पण तिथेही २०१९ आणि २०२४ ला हात रिकामे राहिले.

सांगोला दुष्काळी. माण नदी बहुतेक महिने वाळूची. इथलं राजकारण पाण्याभोवती फिरतं: टेंभू, म्हैसाळ, नीरा उजवा कालवा. कुठल्या योजनेचं पाणी कुठल्या गावापर्यंत आलं, हे शाळकरी पोरालाही सांगता येतं. आबांनी विधानसभेत पाण्याचा पाठपुरावा आयुष्यभर केला. तालुक्यात शेतकरी सहकारी सूतगिरणी उभी राहिली. ज्या काळात सहकारी संस्था म्हणजे काँग्रेसची मक्तेदारी होती, त्या काळात विरोधी पक्षाच्या माणसानं गिरणी उभी करून चालवणं ही मोठी गोष्ट. गावात शेकापचा कार्यकर्ता म्हणजे बहुतेकदा याच घडीतला माणूस: गिरणी, शाळा, दूध, सोसायटी.

जातीचं गणितही सांगायला हवं. तालुक्यात धनगर समाज मोठा आणि आबा त्याच समाजाचे. पण एवढ्यावर उत्तर संपवणाऱ्यांना माझा प्रश्न असतो: हेच गणित १९७२, १९९५ आणि २०१९ ला नव्हतं का? होतं, तरी निकाल उलटा लागला.

आणि खटारा. बैलगाडीचं ते चिन्ह कित्येक म्हाताऱ्यांच्या हाताला इतकं बसलं होतं की त्यांना मत म्हणजेच खटारा वाटायचं. खिलार बैलांच्या बाजारासाठी ओळखल्या जाणाऱ्या तालुक्याला दुसरं कुठलं चिन्ह शोभलं असतं?

१०. सांगोला नेहमी वाऱ्याच्या विरुद्ध जातो म्हणतात. तसं आहे का?

'नेहमी' नाही. १९६२ ला राज्य काँग्रेसमय असताना सांगोला शेकापकडे गेला, १९९५ ला काँग्रेस पडली तेव्हा काँग्रेसकडे. २०२४ ला महायुतीच्या तीन मोठ्या पक्षांनी मिळून २३० जागा जिंकल्या आणि सांगोल्यानं महायुतीचा विद्यमान आमदार पाडला. तीन उदाहरणं झाली. पण १९७२ ला तो वाऱ्याबरोबरच गेला होता. राज्याच्या वाऱ्यापेक्षा तालुक्याची दोन तट ही विभागणी इथे जास्त चालते, एवढंच मी म्हणेन.

११. २०१९ ला आबा उभे होते की नव्हते? मग हरलं कोण?

आबा उभे नव्हते. नव्वदी ओलांडली होती आणि त्यांनी थांबायचं ठरवलं. शेकापनं आधी भाऊसाहेब रुपनर यांचं नाव पुढे केलं. कार्यकर्त्यांत नाराजी उसळली, आणि मग आबांचे नातू डॉ. अनिकेत देशमुख यांना उमेदवारी मिळाली. समोर शिवसेनेचे शहाजीबापू. दीपकआबा साळुंखे तेव्हा राष्ट्रवादीचे, पण त्यांनी बापूंना बळ दिलं.

निकाल २४ ऑक्टोबरला. शहाजीबापू ९९,४६४, अनिकेत ९८,६९६. फरक ७६८. त्या दिवशी दादरला माझ्या ऑफिसात मी फोनवर दर फेरीचे आकडे घेत होतो, आणि शेजारचा सहकारी, मूळचा मालवणचा, शेवटी वैतागून म्हणाला, "तुमच्याकडे माणसं मोजून मतदान करतात काय रे?"

१२. ७६८ मतांचा फरक असेल तर फेरमोजणी आपोआप होत नाही का?

होत नाही. आपल्याकडे 'इतक्या मतांच्या आत फरक असेल तर फेरमोजणी' असा नियम नाही. एकूण आकडे जाहीर झाल्यावर, पण विजयी घोषित करण्याआधी, उमेदवार किंवा त्याचा प्रतिनिधी लेखी अर्ज करू शकतो. तो मान्य करायचा की नाही हे निवडणूक निर्णय अधिकारी कारणं देऊन ठरवतो. एकदा घोषणा झाली की त्याच्या हातात काही उरत नाही.

त्यानंतरचा मार्ग म्हणजे निकालापासून ४५ दिवसांत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका. तिथे 'थोडक्यात हरलो' हे कारण चालत नाही. भ्रष्ट मार्ग, चुकीनं नाकारलेला अर्ज, मतांची चुकीची मोजणी, असं कायद्यात बसणारं काहीतरी दाखवावं लागतं.

१३. 'काय झाडी, काय डोंगार' म्हणणारे हेच का?

हेच. जून २०२२, शिवसेनेतले आमदार गुवाहाटीच्या हॉटेलात, आणि शहाजीबापूंचं कार्यकर्त्याशी फोनवरचं बोलणं बाहेर आलं: "काय झाडी, काय डोंगार, काय हाटील, समदं ओक्के." मुंबईच्या लोकलमध्ये लोक ते म्हणून हसत होते, आणि त्यातल्या निम्म्यांना सांगोला नकाशावर कुठे आहे हेही ठाऊक नव्हतं. आमच्याकडच्या पोरांना आपली बोली टीव्हीवर ऐकून गंमत वाटली, थोडा अभिमानही.

त्या वाक्यामुळे ते २०२४ ला पडले का? माझ्या मते नाही. वाक्यानं प्रसिद्धी दिली. पडण्याची कारणं पुढच्या उत्तरात.

१४. २०२४ ला तिरंगी लढत झाली, मग फायदा सत्ताधाऱ्याला व्हायला हवा होता. उलट कसं झालं?

तर्क बरोबर आहे, आणि मतदानाआधी मीही हेच म्हणत होतो. महाविकास आघाडीत शेकाप असूनही सांगोल्याची जागा ठाकरे यांच्या शिवसेनेनं घेतली आणि दीपकआबा साळुंखे यांना दिली. शेकापनं तरीही डॉ. बाबासाहेब देशमुख यांना उभं केलं. विरोधी मतं फुटणार, बापू निघणार, असा हिशोब होता.

पण दीपकआबा २०१९ ला बापूंच्या बाजूला होते (प्र. ११). ते वेगळे उभे राहिले तेव्हा पन्नास हजारांच्या आसपास मतं घेऊन गेले, आणि त्यातली बरीच बापूंच्या २०१९ च्या गठ्ठ्यातली असावीत. शेकापचा गठ्ठा मात्र जागेवर राहिला आणि वाढला: बाबासाहेब १,१६,२५६, बापू ९०,८७०. फरक २५,३८६. नुसते उमेदवार मोजून काही कळत नाही, कोणाच्या घरातून कोण बाहेर पडलं ते पाहावं लागतं.

जाता जाता, अनिकेत आणि बाबासाहेब हे एकच नव्हेत. दोघेही आबांचे नातू, दोघांच्याही नावापुढे डॉक्टर, म्हणून मुंबईत ही चूक सर्रास होते.

१५. शहाजीबापू २०१९ आणि २०२४ ला एकाच पक्षाकडून लढले असं लिहायचं की दोन?

चिन्ह दोन्ही वेळा धनुष्यबाण, नाव दोन्ही वेळा शिवसेना. २०१९ ची शिवसेना उद्धव ठाकरे यांच्या नेतृत्वाखालची. निवडणूक आयोगानं १७ फेब्रुवारी २०२३ ला नाव आणि चिन्ह एकनाथ शिंदे यांच्या गटाला दिलं, २०२४ ची ती शिवसेना. तक्ता करताना मी दुसऱ्या रकान्यात 'शिवसेना (शिंदे)' लिहितो. नाहीतर दहा वर्षांनी वाचणाऱ्याला कळणारच नाही की २०२४ ला बापूंसमोर दुसरी एक शिवसेनाही उभी होती.

१६. २०२१ ला आबा गेले तेव्हा पोटनिवडणूक का झाली नाही?

ते तेव्हा आमदार नव्हते. ३० जुलै २०२१ ला सोलापुरात त्यांचं निधन झालं, आणि जागा २०१९ पासून शहाजीबापूंकडे होती. पंढरपूरची पोटनिवडणूक त्याच वर्षी झाली, म्हणून गोंधळ होतो.

१७. लोकसभेला आम्ही कुठे?

माढा. २००९ पासून. तेव्हा तिथून शरद पवार निवडून आले होते.

१८. मी वीस वर्षं मुंबईत आहे. नाव गावच्या यादीत ठेवलं तर चालतं का? दोन्हीकडे ठेवलं तर?

दोन्हीकडे अजिबात नाही. दोन मतदारसंघांत नाव ठेवता येत नाही, आणि अर्जात खोटं लिहिलं तर एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. दोन मतदारसंघांत मतदान केलं तर दोन्ही मतं बाद.

२०२४ ला लोकसभेचं मतदान माढ्यात ७ मे ला आणि मुंबईत २० मे ला होतं. 'दोन्ही करून येतो' असं म्हणणारे मला किमान चौघे भेटले. विधानसभेला तो मोह नव्हता, २० नोव्हेंबरला सगळीकडे एकाच दिवशी मतदान होतं.

आता एकच नाव कुठे ठेवायचं? कायदा म्हणतो, जिथे तुम्ही सामान्यतः राहता तिथे. गावात घर आहे एवढ्यानं तुम्ही तिथले रहिवासी ठरत नाही. उलट तात्पुरते बाहेर असाल तर तेवढ्यानं नाव जात नाही. वीस वर्षं मुंबईत, पोरं इथल्या शाळेत, तर त्याला तात्पुरतं म्हणणं कठीण आहे. स्थलांतरासाठी नमुना ८ भरा. गावची मंडळी रागावतील. माझ्यावर चुलते वर्षभर रागावले होते.

नाव खरोखर गावीच असेल, तर मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टीचा हक्क मुंबईत नोकरी करणाऱ्यालाही आहे.

१९. आबा मुंबईला एसटीनं यायचे, हे खरं की दंतकथा?

एसटीनं फिरणारा आमदार ही त्यांची ओळखच होती. तरुणांना हे अशक्य वाटतं, कारण त्यांनी एसटीत 'विधानमंडळ सदस्यांसाठी राखीव' अशी पाटी असलेल्या बाकावर कधी आमदार बसलेला पाहिलेला नाही. आबांची पहिली विधानसभा सध्याच्या विधान भवनात भरलीच नव्हती. ती रीगलजवळच्या जुन्या कौन्सिल हॉलमध्ये भरायची, जिथे आज पोलीस महासंचालकांचं कार्यालय आहे. नरिमन पॉइंटची इमारत १९८१ ची. दोन्ही इमारतींत बसलेला आमचा आमदार एकच.

२०. आमच्या गावात कुणाला किती मतं पडली, हे कुठे कळेल?

नमुना २० मध्ये. प्रत्येक मतदान केंद्रावर कुठल्या उमेदवाराला किती मतं पडली, याचा तो तक्ता असतो. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्याच्या संकेतस्थळावर मतदारसंघनिहाय मिळतो. तक्त्यात गावाचं नाव नसतं, फक्त केंद्र क्रमांक, म्हणून त्या वर्षीची मतदान केंद्रांची यादी शेजारी उघडून बसा.

'त्या वर्षीची' हे महत्त्वाचं. केंद्रं वाढली की क्रमांक सरकतात. मी २०१४ आणि २०१९ चे तक्ते एकाच यादीवरून लावले आणि आमच्याच वाडीनं आबांच्या नातवाला पाडलं असं दोन दिवस सगळ्यांना सांगत सुटलो. ती मतं शेजारच्या गावाची निघाली.